ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना झटका मारते? ‘शिफ्ट किट’वर पैसे टाकण्याआधी हे वाचा

बुलढाणा : सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले की जिल्ह्यात अनेक घरांत चारचाकीचा विषय निघतो. नवी परवडत नसेल तर सेकंड हँड बघितली जाते आणि आता त्यात क्लच नसलेल्या, म्हणजे ऑटोमॅटिक गाड्याही दिसू लागल्या आहेत. घरातल्या बायकांना, वयस्कर माणसांना चालवायला सोपी म्हणून लोक ती पसंत करतात. पण दोन-चार वर्षं जुनी गाडी घरी आली आणि गिअर बदलताना झटका देऊ लागली की डोकेदुखी सुरू होते. कोणी सांगतं, “गिअरबॉक्स गेला.” कोणी सांगतं, “तेल बदला.” आणि मोबाईलवर व्हिडिओ बघणारा पोरगा सांगतो, “शिफ्ट किट मागवू, एकदम स्मूथ होईल.”

यातला शेवटचा सल्ला सर्वात महागात पडू शकतो. कारण आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक छोट्या ऑटोमॅटिक गाड्यांना शिफ्ट किट लागूच होत नाही. ज्यांना लागू होतं, त्यांच्यातही ते झटका घालवण्यासाठी नसतं. उलट गिअर जास्त घट्ट आणि जास्त ठळकपणे पडावा, यासाठी ते असतं. म्हणून किट कोणतं घ्यायचं हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की, तुमच्या गाडीत ऑटोमॅटिक नेमका कोणता आहे?

ऑटोमॅटिक म्हणजे एकच प्रकार नव्हे

क्लचचं पायडल नाही म्हणजे ऑटोमॅटिक, एवढंच आपण बघतो. पण आतलं यंत्र चार वेगवेगळ्या प्रकारचं असू शकतं.

१) एएमटी : हा आतून साधा, मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. क्लचही तोच, गिअरही तेच. फरक एवढाच की क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम माणसाच्या पाय-हाताऐवजी एक यंत्र करतं. भारतात हा प्रकार लोकप्रिय झाला तो २०१४ मध्ये आलेल्या मारुती सेलेरिओमुळे. त्यानंतर अल्टो के१०, वॅगनआर, डिझायर, स्विफ्ट, टाटाची टियागो, नेक्सॉन, पंच, रेनॉची क्विड अशा अनेक गाड्यांत तो आला. मारुती त्याला ‘एजीएस’ म्हणते. किंमत कमी आणि ॲव्हरेज मॅन्युअलच्या जवळपास, म्हणून खेड्यापाड्यात सर्वात जास्त हाच चालतो.

२) टॉर्क कन्व्हर्टर : हा खरा जुना, मूळचा ऑटोमॅटिक. यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये घासणारा क्लच नसतो. तेलाने भरलेला एक गोल भाग असतो आणि तेलाच्या फिरण्यातून ताकद पुढे जाते. गिअर बदलण्याचं कामही तेलाच्या प्रेशरवरच चालतं. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन, एक्सयूव्ही७००, अर्टिगा, क्रेटाचं डिझेल मॉडेल यांच्या ऑटोमॅटिकमध्ये हा प्रकार आहे.

३) सीव्हीटी : यात ठराविक गिअरच नसतात. दोन पुली आणि त्यावर फिरणारा एक पट्टा असतो. पुली रुंद-अरुंद होते तसा वेग बदलतो. ॲक्टिव्हा चालवणाऱ्याला हे लगेच समजेल, कारण तत्त्व तेच आहे. फक्त गाडीत रबरी पट्ट्याच्या जागी पोलादी पट्टा किंवा साखळी असते आणि ती तेलात चालते. होंडा सिटी, अमेझ यांच्या ऑटोमॅटिकमध्ये हा प्रकार मिळतो.

४) डीसीटी : यात दोन क्लच असतात. एक गिअर चालू असताना पुढचा गिअर आधीच तयार ठेवलेला असतो, त्यामुळे बदल फार झटपट होतो. फोक्सवॅगन याला ‘डीएसजी’ म्हणते, टाटा ‘डीसीए’ म्हणते.

घरबसल्या ओळखायची युक्ती

गिअरच्या दांड्याजवळची अक्षरं बघा. तिथे पार्किंगचा ‘पी’ नसेल आणि फक्त आर, एन, डी किंवा ए, आणि एम असेल, तर ती गाडी एएमटी आहे असं समजायला हरकत नाही. ‘पी’ असेल तर उरलेल्या तीनपैकी एक. नेमका कोणता, हे मालकाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका हरवली असेल तर चेसिस नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून विचारून घ्या.

फक्त गाडीच्या नावावर जाऊ नका. मारुती ब्रेझाचंच उदाहरण घ्या. २०१८ मध्ये तिच्या डिझेल मॉडेलला एजीएस, म्हणजे एएमटी आला. २०२० मध्ये पेट्रोल इंजिन आलं तेव्हा चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आला आणि २०२२ च्या नव्या ब्रेझात सहा गिअरचा. नाव एकच, पण तीन वेगळे गिअरबॉक्स. बलेनोमध्ये आधी सीव्हीटी मिळायचा, २०२२ पासून एजीएस मिळतो. २०२० च्या क्रेटात तर एकाच वेळी पेट्रोलला सीव्हीटी, डिझेलला टॉर्क कन्व्हर्टर आणि टर्बो पेट्रोलला डीसीटी असे तीन प्रकार होते. म्हणूनच “ब्रेझा ऑटोमॅटिकचं किट द्या” असं सांगून मागवलेला माल चुकीचा येण्याची शक्यता मोठी आहे.

शिफ्ट किट म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे ‘किट’ म्हटलं की आधी सीएनजी किट आठवतं. गॅरेजमध्ये क्लच किट म्हणजे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंगचा सेट. शिफ्ट किट या दोन्हींपेक्षा वेगळं आहे आणि ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्ससाठीच असतं.

शेतातल्या ठिबकचं हेड युनिट डोळ्यासमोर आणा. मोटारीतून पाणी येतं, फिल्टरमधून जातं, व्हॉल्व्हमुळे कोणत्या लाईनला किती प्रेशरने सोडायचं ते ठरतं. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्येही अगदी तसंच आहे. पंप तेलाला प्रेशर देतो. ‘व्हॉल्व्ह बॉडी’ नावाचा भूलभुलैयासारख्या नाल्या असलेला भाग ते तेल योग्य क्लचकडे सोडतो. तेल पोचलं की तो क्लच आवळला जातो आणि गिअर पडतो.

प्रवाशांना धक्का जाणवू नये म्हणून कंपनी हे काम मुद्दाम हळू करते. तेलाला जायला छिद्रं लहान ठेवते, मध्ये स्प्रिंग असलेले छोटे पिस्टन ठेवते. त्यामुळे क्लच एकदम न आवळता क्षणभर घासत-घासत पकड घेतो. आराम मिळतो, पण घासण्यातून उष्णता होते आणि क्लच झिजतो.

शिफ्ट किट हाच हिशेब बदलतं. किटमध्ये कडक स्प्रिंगा, बदललेले व्हॉल्व्ह, छोट्या गोळ्या आणि वेगळ्या छिद्रांची पत्र्याची प्लेट असते. काही किटमध्ये मूळ प्लेटचं छिद्र ड्रिलने मोठं करायला सांगितलेलं असतं. त्यामुळे तेल लवकर आणि जास्त प्रेशरने पोचतं, क्लच पटकन पकडतो, घासणं कमी होतं. गिअर ‘टक्’ करून पडल्याचं जाणवतं.

ही गोष्ट रुजली अमेरिकेत. तिथे मोठ्या इंजिनाच्या, तीन-चार गिअरच्या ऑटोमॅटिक गाड्या अनेक दशकांपासून घरोघरी आहेत. ट्रेलर, बोट ओढणारे आणि शर्यत लावणारे लोक त्यांना अशी किट बसवतात. ट्रान्सगो या तिथल्या कंपनीने ‘शिफ्ट किट’ हे नाव रूढ केलं. व्हिडिओत दिसणारं काम बहुतेक वेळा अशाच गाड्यांवरचं असतं.

किट काय करत नाही

जळालेला क्लच किट बसवून परत चांगला होत नाही. घसरणारा गिअरबॉक्स किटने काही दिवस पकड घेतल्यासारखा वाटेल, पण झीज झालेली असेल तर ती तशीच राहते. जास्त प्रेशरमुळे आधीच थकलेले सील आणि इतर भाग उलट लवकर दगा देऊ शकतात. गाडी आधीच झटका मारत असेल आणि त्यावर कडक किट बसवलं, तर झटका वाढण्याचीच शक्यता जास्त.

किटच्या आधी या पाच गोष्टी तपासा

झटक्याचं कारण बऱ्याचदा किरकोळ असतं. मिस्त्रीने गिअरबॉक्स खोलायला सांगण्याआधी हे तपासून घ्या.

तेलाची पातळी आणि रंग : जुन्या टॉर्क कन्व्हर्टर गाड्यांत तेल तपासायची पट्टी असते. बहुतेक गाड्यांत ते गाडी गरम झाल्यावर, सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून ‘पी’मध्ये तपासतात. तुमच्या गाडीची पद्धत पुस्तिकेत बघा. बहुतेक ऑटोमॅटिक तेल नवं असताना लाल असतं. काळपट झालं, जळका वास आला किंवा त्यात धातूचा चुरा दिसला, तर आतली झीज झाली आहे. तेल फक्त कमी असेल तर आधी गळती शोधा, कारण हे तेल इंजिन ऑईलसारखं जळून संपत नाही. नव्या अनेक गाड्यांत पट्टीच नसते. त्यांचं तेल खालून, ठराविक तापमानाला तपासावं लागतं, ते जाणकाराकडूनच करून घ्या.

तेल योग्य आहे का : हा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. सीव्हीटीचं तेल वेगळं, टॉर्क कन्व्हर्टरचं वेगळं, एएमटीच्या गिअरबॉक्सचं साधं गिअर ऑईल वेगळं. “ऑटोमॅटिकचं तेल आहे, सगळ्यांना चालतं” असं म्हणून ओतलेलं तेल सीव्हीटीचा पट्टा आणि पुली खराब करू शकतं. डब्यावरचं नाव पुस्तिकेतल्या नावाशी जुळवूनच तेल ओतू द्या.

स्कॅनर : नव्या गाड्यांत गिअर कधी बदलायचा हे कॉम्प्युटर ठरवतो. काही बिघडलं की तो कोड साठवतो. चेक लाईट पेटला नसला तरी कोड असू शकतो. सेन्सर किंवा तेल सोडणारी सोलेनॉइड खराब झाली असेल तर ते इथेच कळतं आणि सगळा गिअरबॉक्स उतरवायची वेळ टळू शकते.

इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंट : हे रबरी आधार फुटले की प्रत्येक गिअरला इंजिन हलतं आणि गिअरबॉक्सचाच झटका वाटतो. आपल्याकडच्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर ते लवकर जातात.

बॅटरी आणि इंजिनाची ट्यूनिंग : बॅटरी कमजोर असेल तर एएमटी गाडी गिअर टाकताना अडखळते. इंजिनच मिसफायर करत असेल तर दोष गिअरबॉक्सला दिला जातो.

किट घ्यायचंच असेल तर निवड कशी कराल?

गाडी टॉर्क कन्व्हर्टरची आहे, तेल आणि सेन्सर तपासून झाले, गिअरबॉक्स दुरुस्तीसाठी उघडायचाच आहे, अशा वेळी किटचा विचार करता येतो. तेव्हा हे प्रश्न विचारा.

१. गिअरबॉक्सचा कोड काय? गाडीचं नाव पुरत नाही. गिअरबॉक्सवर किंवा त्याच्या पट्टीवर छापलेला कोड आणि गाडीचं वर्ष, दोन्ही किटच्या यादीत जुळलं पाहिजे. एकाच कोडच्या गिअरबॉक्सची व्हॉल्व्ह बॉडीही मध्येच बदललेली असू शकते.

२. किट दुरुस्तीचं आहे की ताकदीचं? काही किट झिजलेल्या व्हॉल्व्हची गळती बंद करून मूळचं प्रेशर परत आणतात. त्यांना दुरुस्ती किट म्हणता येईल. काही किट गिअर कडक करण्यासाठी असतात. घरच्या गाडीला पहिला प्रकार समजण्यासारखा आहे. दुसऱ्याची गरज क्वचितच असते.

३. गाडीचा वापर काय? विकणारे ‘स्टेज १’, ‘स्टेज २’ अशी भाषा वापरतात. सर्वसाधारणपणे पहिल्या पायरीत गिअर थोडा घट्ट होतो, पुढच्या पायऱ्या ओझं ओढणाऱ्या किंवा शर्यतीच्या गाडीसाठी असतात. शेगावला दर्शनाला आणि बाजाराला जाणाऱ्या गाडीला पुढच्या पायऱ्या बसवल्या तर मागे बसलेली आजी दर गिअरला पुढे झुकेल. एवढंच.

४. गिअर कॉम्प्युटरवर चालतात का? पाच-सहा गिअरच्या नव्या गाड्यांत प्रेशर कॉम्प्युटर आणि सोलेनॉइड ठरवतात. तिथे फक्त स्प्रिंग बदलून भागत नाही. काम झाल्यावर स्कॅनरने गिअरबॉक्सला नव्याने ‘शिकवावं’ लागतं. ती सोय गॅरेजमध्ये नसेल तर तिथे काम देऊ नका.

५. बसवणार कोण? व्हॉल्व्ह बॉडीतल्या छोट्या गोळ्यांपैकी एक जरी जागा चुकली तरी एखादा गिअरच पडत नाही. कामाला स्वच्छ टेबल, टॉर्क पाना आणि त्या गिअरबॉक्सचा नकाशा लागतो. ज्या मिस्त्रीने त्याच कोडचा गिअरबॉक्स याआधी उघडलेला आहे, त्याच्याकडेच जा. मोठ्या कामासाठी अकोला, जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगरपर्यंत जावं लागलं तरी ते परवडतं.

६. सोबत काय बदलणार? फिल्टर, गॅस्केट आणि योग्य तेल त्याच वेळी बदललं गेलं पाहिजे. नुसतं किट टाकून जुनंच तेल परत ओततो म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

एएमटीचा झटका : इथे किट नाही, सवय आणि क्लच

एएमटीमध्ये गिअर बदलताना क्षणभर क्लच सुटतो आणि इंजिनची ताकद चाकांपर्यंत जात नाही. मॅन्युअल गाडीतही हेच होतं, पण तिथे आपला पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो. एएमटीत लोक ॲक्सिलरेटर दाबूनच ठेवतात, म्हणून डोकं पुढे-मागे हलतं. गिअर बदलायच्या वेळी पाय थोडा सैल करा. पहिला ते दुसरा आणि दुसरा ते तिसरा गिअर पडताना हे केलं की अर्धा झटका तिथेच कमी होतो.

त्यानंतरही त्रास असेल तर क्रम असा ठेवा. आधी स्कॅनरवर क्लचचं ‘लर्निंग’ करून घ्या. क्लच झिजत जातो तशी त्याची पकडण्याची जागा बदलते आणि कॉम्प्युटरला ती नव्याने सांगावी लागते. त्यात जमलं नाही तर क्लचची झीज तपासा. गिअर हलवणाऱ्या यंत्राचं म्हणजे ॲक्च्युएटरचं तेल कमी आहे का, कुठे गळतंय का ते बघा. ॲक्च्युएटर बदलणं हा शेवटचा आणि महागाचा उपाय आहे. क्लच गेला असेल तर त्याचा पूर्ण सेट बदला आणि बदलल्यावर लर्निंग विसरू नका. नव्या क्लचला जुनंच माप लावलं तर झटका तसाच राहतो.

सीव्हीटी गाडीला झटका येणं किंवा घरघर ऐकू येणं हे तेल, पट्टा किंवा पुलीच्या तक्रारीचं लक्षण असू शकतं. डीसीटी गाडीत, विशेषतः कोरड्या क्लचच्या डीसीटीत, गर्दीत सरकत-सरकत गेल्याने क्लच तापतो. दोन्हींना शिफ्ट किट हा इलाज नाही.

घाटावर-घाटाखाली गाडी नेताना

आपल्या जिल्ह्याचे दोन भाग सगळ्यांनाच माहीत आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, मोताळा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरताना राजूर घाट, खामगावकडे जाताना बोथा घाट. त्यात घाटाखालचा मे महिन्याचा उन्हाळा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची खरी परीक्षा इथेच होते, कारण त्याचा सर्वात मोठा शत्रू उष्णता आहे.

उतरताना गाडी ‘एन’मध्ये टाकून सोडू नका. पेट्रोल वाचतं हा गैरसमज आहे. नव्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना इंधन जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनचा ब्रेक मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ‘एम’ किंवा ‘एल’मध्ये खालचा गिअर धरा. इंजिन गाडीला रोखून धरतं आणि ब्रेक तापत नाहीत.

चढावर ट्रकच्या मागे थांबावं लागलं तर ॲक्सिलरेटर देऊन गाडी जागेवर धरू नका. एएमटी आणि डीसीटीत असं केल्याने क्लच जळतो. वास येऊ लागला की उशीर झालेला असतो. ब्रेक धरा, वेळ लागणार असेल तर हँडब्रेक ओढा. उतारावर गाडी लावताना आधी ब्रेक, मग ‘एन’, मग हँडब्रेक, पायाचा ब्रेक सोडून भार हँडब्रेकवर येऊ द्या आणि शेवटी ‘पी’ टाका. थेट ‘पी’ टाकला तर गाडीचं सगळं वजन आतल्या एका छोट्या खिट्टीवर येतं.

घाट, ऊन, जास्त ओझं अशा वापराला बऱ्याच पुस्तिकांत ‘कठीण वापर’ म्हटलेलं असतं आणि तेल लवकर बदलायला सांगितलेलं असतं. आपल्या जिल्ह्यातल्या बऱ्याच गाड्या याच रकान्यात बसतात. नवीन किटपेक्षा वेळेवर बदललेलं तेल गिअरबॉक्सचं आयुष्य जास्त वाढवतं.

गाडी बंद पडली तर धक्का मारू नका

ऑटोमॅटिक गाडी ढकलून चालू करण्याची जुनी पद्धत इथे चालत नाही. दोरी बांधून लांबवर ओढत नेणंही धोक्याचं आहे. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीत इंजिन बंद असलं की तेलाचा पंपही बंद असतो, चाकं मात्र गिअरबॉक्स फिरवत राहतात आणि आतले भाग तेलाविना घासतात. गाडी उचलून नेणारी सपाट पाठीची क्रेन मागवा. मलकापूर-नांदुरा-खामगाव या राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते.

सेकंड हँड ऑटोमॅटिक घेताना

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असेल अशा वेळी जा, मालकाला आधी चालू करून ठेवू देऊ नका. ‘पी’मधून ‘आर’ आणि ‘डी’ टाकून बघा. गाडी साधारण सेकंदभरात पकड घेते. दोन-तीन सेकंद लागत असतील किंवा जोरात धक्का बसत असेल तर सावध व्हा. गाडी पूर्ण गरम होईपर्यंत, जमल्यास चढावरही चालवा, कारण अनेक दोष तेल तापल्यावरच दिसतात. इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, असं झालं तर क्लच घसरतोय. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं याचं बिल मागा. “सील्ड आहे, आयुष्यभर बघायचं काम नाही” या उत्तरावर समाधान मानू नका.

वॉरंटी, आरटीओ आणि बिल

गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर किट बसवू नका. त्या भागाची वॉरंटी कंपनी नाकारू शकते. मॅन्युअल गाडीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा क्लचशिवाय चालवायचं यंत्र बसवायचं असेल तर तो वेगळाच विषय आहे. गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदलांवर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ने निर्बंध आहेत. त्यामुळे आधी बुलढाण्याच्या आरटीओ कार्यालयात विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा.

काम कोणतंही असो, पक्कं बिल घ्या. त्यावर पार्टचा नंबर, तेलाचं नाव आणि किती दिवसांची हमी ते लिहून घ्या. काढलेले जुने पार्ट परत मागा. फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्याला फी लागत नाही. पण हातात कागद नसेल तर तक्रार उभी राहणं अवघड जातं.

थोडक्यात

• दांड्याजवळ ‘पी’ नाही : गाडी एएमटी. शिफ्ट किट लागू नाही. लर्निंग आणि क्लच तपासा.
• सीव्हीटी किंवा डीसीटी : शिफ्ट किट लागू नाही. योग्य तेल आणि स्कॅनर.
• टॉर्क कन्व्हर्टर : आधी तेल, कोड, माउंट. किट फक्त गिअरबॉक्स उघडायचाच असेल तेव्हा आणि तेही दुरुस्तीचं.
• किट निवडताना गाडीचं नाव नव्हे, गिअरबॉक्सचा कोड जुळवा.
• घाटात न्यूट्रल नाही, चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरणं नाही.
• बिलाशिवाय काम नाही.